उन्हाळ्यातील घोड्याची दैनंदिन निगा

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना कात्रजचा घाट लागतो. घाटाच्या अलीकडे डोंगराच्या कुशीत कात्रजचा तलाव आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळात येथे बांध घालून दगडी नळाने पाणी पुणे शहरातील हौदांपर्यंत नेण्यात आले. आज कात्रज शहराचाच भाग बनले असले, तरी घाटाच्या पायथ्याची मोकळी राने आणि आसपासच्या वाड्यांतील शेते यांमध्ये उन्हाळ्यात मेंढ्यांचे वाडे अजून उतरलेले दिसतात. रब्बीची पिके निघाल्यावर शेतकरी खतासाठी शेतात मेंढ्या बसवून घेतात. मेंढ्यांबरोबर धनगर कुटुंबाचा सर्व संसार असतो आणि तो संसार घोड्याच्या पाठीवर असतो. अंथरूण-पांघरूण, हंडे-कळश्या, वाघर, धान्याची पोती, कोंबड्या, चालता न येणारी कोकरे, एवढेच नव्हे तर लहान मूलही घोडाच वाहून नेतो. घोडे गेले तर वाड्याचा मुक्काम हलत नाही आणि मुक्काम हलला नाही तर मेंढ्यांना चारा मिळत नाही. म्हणून या कुटुंबांना घोड्याचे मोल बाजारातील किमतीहून पुष्कळ अधिक असते.

धनगरांपाशी असलेल्या या काटक, बुटक्या घोड्यांत भीमथडी जातीची जनावरे बरीच आढळतात. भीमा नदीच्या खोऱ्यावरून हे नाव पडले. मराठ्यांच्या घोडदळात या जातीचा लौकिक होता. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने २०२४ साली भीमथडी घोड्याची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंद केली. धनगरांखेरीज शहरात लग्नाच्या वरातीसाठी घोडे पाळणारी कुटुंबे आहेत. लग्नसराई नेमकी कडक उन्हाळ्यात येते, त्यामुळे वर्षातील सर्वांत जास्त काम घोड्यास सर्वांत वाईट ऋतूत करावे लागते.

भीमथडी घोडा काटक आहे, म्हणून त्यास उन्हाचे काही होत नाही, असा समज सर्वत्र आहे. तो निम्माच खरा आहे. काटक जनावर तक्रार उशिरा करते, आणि जेव्हा करते तेव्हा बहुधा वेळ थोडा उरलेला असतो. उन्हाळ्यात घोड्याची निगा रोज कशी राखावी, धोक्याची चिन्हे कशी ओळखावीत आणि प्रसंग आल्यास काय करावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

घोड्यास ऊन का बाधते?

घोड्याच्या शरीराचा मोठा भाग स्नायूंचा असतो. स्नायू काम करतात तेव्हा खाद्यातून मिळालेल्या शक्तीचा सुमारे चौथा हिस्साच प्रत्यक्ष कामी येतो आणि बाकीच्या शक्तीची उष्णता होते. ही उष्णता शरीराबाहेर गेली पाहिजे. कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो व उष्णता घालवितो. घोड्याची भिस्त मुख्यतः घामावर असते. घाम कातडीवर वाळतो तेव्हा तो अंगातील उष्णता बरोबर घेऊन जातो. उन्हात जोराचे काम करणाऱ्या मोठ्या घोड्यास तासाला १० ते १५ लिटरपर्यंत घाम येऊ शकतो. या घामात पाण्याबरोबर क्षारही पुष्कळ असतात. माणसाच्या घामापेक्षा घोड्याचा घाम अधिक खारट असतो. म्हणून घोड्यास केवळ पाणी देऊन भागत नाही, मीठही द्यावे लागते.

आपल्या भागातील हवेचा एक विशेष ध्यानात घेतला पाहिजे. मार्च, एप्रिलमध्ये पुणे परिसरातील हवा अत्यंत कोरडी असते. अशा हवेत घाम येताक्षणीच वाळून जातो. अंग ओले दिसत नाही, म्हणून मालकास वाटते की घोड्यास घाम आलाच नाही व पाण्याची गरजही नाही. प्रत्यक्षात जनावराच्या अंगातील पाणी झपाट्याने कमी होत असते. अशा वेळी मानेवर, छातीवर व तंगाखाली पांढरट क्षाराची पुटे दिसतात. ती दिसली की घाम भरपूर गेला, असे समजावे.

मे महिन्याच्या अखेरीस याच्या उलट घडते. वळवाचे ढग येऊ लागतात, हवेत दमटपणा येतो आणि उष्णतामान दोन अंश उतरलेले असते. मालकास बरे वाटते, परंतु घोड्याच्या दृष्टीने हे दिवस अधिक कठीण असतात. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता निथळतो, आणि निथळलेला घाम अंगास फारसे गार करीत नाही. उकाड्याच्या दिवशी उष्णतामापक यंत्रावरील आकडा पाहून काम ठरवू नये, घोड्याकडे पाहून ठरवावे.

पाणी

उन्हाळ्यातील निगेत पहिले स्थान पाण्यास आहे. २५० किलो वजनाचे तट्टू थंडीच्या दिवसांत विश्रांती घेत असता दिवसाला १२ ते १५ लिटर पाणी पिते. उन्हाळ्यात ओझे वाहत असता त्यास ३० ते ४० लिटर पाणी लागते. पाजणारी घोडी असल्यास याहूनही अधिक लागते. सुमारे १५ लिटरची बादली धरली, तर कामावरील जनावरास दिवसाला दोन ते तीन बादल्या पाणी मिळाले पाहिजे. आपण किती बादल्या पाजल्या हे मालकाने मोजावे. अंदाजावर राहिल्यास जनावर उपाशी राहत नाही, पण तहानलेले मात्र राहते.

पाणी सावलीत ठेवावे. उन्हात ठेवलेल्या पत्र्याच्या टाकीतील पाणी दुपारी इतके तापते की घोडा तोंड लावून मागे सरतो. अशा पाण्याजवळ उभा असूनही तो तहानेने व्याकूळ होतो. मातीचा रांजण किंवा ओले गोणपाट गुंडाळलेली टाकी असल्यास पाणी गार राहते. भांडे रोज घासून धुवावे. वस्तीलगतच्या ओढ्यांत आता सांडपाणी मिसळते, म्हणून ओढ्याचे पाणी पाजण्याऐवजी विहिरीचे किंवा नळाचे पाणी पाजावे.

“तापलेल्या घोड्यास पाणी पाजू नये, पोटात कळ येते,” ही समजूत फार जुनी आहे. आज पशुवैद्यकशास्त्र असे सांगते की, कामावरून आलेल्या घोड्यास पाण्यावाचून ठेवणे हेच अपायकारक आहे. त्यास लगेच पाणी दाखवावे. प्रथम चार-पाच लिटर पाजून दोन-तीन मिनिटे थांबावे, थोडे चालवावे व पुन्हा पाजावे. वाटेत पाणी दिसेल तेथे थांबून पाजावे. घोडा घामाने क्षार गमावून बसला असेल, तर कधी कधी गरज असूनही तो पाण्याकडे पाहत नाही. रोज मीठ मिळणाऱ्या जनावरात हा प्रकार कमी आढळतो.

मीठ

२५० किलो वजनाच्या तट्टास रोज २५ ते ३० ग्रॅम साधे मीठ भरड्यातून द्यावे. ज्या दिवशी घाम भरपूर गेला असेल, त्या दिवशी हे प्रमाण दुप्पट करावे. मात्र समोर भरपूर पाणी असेल तरच मीठ वाढवावे. पाण्यावाचून दिलेले मीठ अपाय करते. पाण्यातच मीठ घालावयाचे असल्यास शेजारी साध्या पाण्याची दुसरी बादली अवश्य ठेवावी, कारण खारट पाणी न आवडल्यास घोडा ते सोडून देतो. जनावर चाटेल असा मिठाचा खडा बांधून ठेवणे चांगले, परंतु कामाच्या जनावराने केवळ चाटून आपली गरज भागविली असे समजू नये.

चारा व खुराक

घोड्यास एकूण कोरडे खाद्य त्याच्या वजनाच्या शेकडा २ ते २.५ या प्रमाणात लागते. म्हणजे २५० किलोच्या तट्टास ५ ते ६ किलो. यांपैकी निदान ४ किलो चारा असावा व उरलेला भाग खुराकाचा असावा. खुराकात बाजरीचा किंवा जवाचा भरडा, भिजविलेला हरभरा व गव्हाचा कोंडा यांचे मिश्रण चालते. खुराक एका वेळी न देता दोन किंवा तीन वेळांत विभागून द्यावा. घोड्याचे जठर लहान असते आणि त्यास ओकारी होत नाही. एकदा पोटात गेलेले जास्तीचे किंवा वाईट अन्न वरच्या वाटेने बाहेर येऊ शकत नाही, ते पोटातच आंबते व फुगते. घोड्याच्या पोटशूळाचे मूळ पुष्कळदा येथे असते.

उन्हाळ्यात पोटशूळाचे आणखी एक कारण घडते. हिरवे गवत संपते व जनावर एकाएकी कोरड्या कडब्यावर येते. कडबा कोरडा, पाणी अपुरे आणि जनावर थकलेले, अशी तीन कारणे एकत्र आली की आतड्यात चाऱ्याचा गोळा अडकतो. म्हणून चारा बदलावयाचा असल्यास आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावा. कडब्याची कुट्टी करून ती देण्यापूर्वी पाण्याने ओलवावी. ओलविलेली कुट्टी त्याच वेळी संपेल एवढीच घ्यावी. उन्हाळ्यात ती लवकर आंबते. वळवाच्या पावसात भिजून बुरशी आलेला कडबा कितीही स्वस्त मिळाला तरी घोड्यास घालू नये. गाय-म्हैस जो चारा कसाबसा पचवते, तो घोड्यास प्राणघातक ठरू शकतो. पाण्याचा ताण पडलेली कोवळी हिरवी ज्वारी विषारी असते, तिच्यापासून सर्वच जनावरे दूर ठेवावीत.

वरातीच्या घोड्यांबाबत एक सूचना आवश्यक आहे. लग्नघरी कौतुकाने घोड्यास भात, पुऱ्या, जिलेबी असे उरलेले अन्न चारले जाते. त्यात माया असली तरी घोड्याच्या पोटास ते अन्न मानवत नाही. मालकाने नम्रपणे पण ठामपणे नकार द्यावा. प्रेमाने कोणास काही द्यावयाचेच असेल, तर बादलीभर पाणी मागून घ्यावे.

खाद्य पहाटे, संध्याकाळी व रात्री, म्हणजे गारव्याच्या वेळी द्यावे. दुपारी थोडी ओलविलेली कुट्टी समोर असली म्हणजे पुरे. खुराक दिल्यावर निदान एक तास काम देऊ नये आणि कामावरून आल्यावर श्वास शांत झाल्याशिवाय खुराक देऊ नये.

निवारा

झाडाची सावली हा सर्वोत्तम निवारा होय. वड, चिंच, आंबा यांच्या गर्द सावलीत हवा खेळती राहते व वरून उष्णता उतरत नाही. छप्पर बांधावयाचे असल्यास त्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे दुपारचे ऊन आत कमी येते. छप्पर उंच असावे व भिंती शक्य तेवढ्या मोकळ्या असाव्यात. नुसता पत्रा असेल तर त्यावर कडबा, पाचट किंवा नारळाच्या झावळ्या घालाव्यात. तापलेल्या पत्र्याखालील बंदिस्त खोपट बाहेरच्या उन्हापेक्षाही वाईट असते. पश्चिमेच्या बाजूस गोणपाटाचे पडदे लावून दुपारी त्यांवर पाणी शिंपडल्यास कोरड्या हवेत चांगला गारवा येतो. हवा दमट झाल्यावर मात्र पडदे गुंडाळून वारा खेळू द्यावा.

वाड्याचा मुक्काम उघड्या रानात असेल, तर जागा निवडतानाच मेंढ्यांच्या चाऱ्याबरोबर घोड्यासाठी झाड आहे की नाही हे पाहावे. सावली दिवसभर फिरते, म्हणून दावणीची जागाही दोन वेळा बदलावी लागते. सकाळी सावलीत बांधलेला घोडा दुपारी भर उन्हात सापडलेला अनेक ठिकाणी दिसतो.

खरारा, खूर व पाठ

खरारा केल्याने घोडा देखणा दिसतो हे खरे, परंतु त्याचा मुख्य उपयोग निराळा आहे. घामाचे क्षार, धूळ व गळालेले केस कातडीवर साचले की घाम नीट वाळत नाही, कंड सुटते व जखमा होतात. रोज सकाळी कामापूर्वी व संध्याकाळी कामानंतर खरारा करावा. कामानंतर पाठ, छाती व तंगाची जागा पाण्याने धुऊन घाम काढून टाकावा.

ओझ्याच्या घोड्याची पाठ सोलवटणे ही उन्हाळ्यातील नित्याची तक्रार आहे. पाठीवर घालावयाची घोंगडी किंवा नमदा घामाने कडक होतो व कातडी घासतो. तो दोन-तीन दिवसांनी धुऊन वाळवावा आणि झटकून, घडी न पडेल असा घालावा. जखम झालीच तर ती भरेपर्यंत त्या पाठीवर ओझे घालू नये. जखमेवर माशी बसू देऊ नये, बसली तर किडे पडतात. घोडा धनुर्वातास फार लवकर बळी पडणारे जनावर आहे. खिळा लागणे, पाठ सोलवटणे यांसारख्या किरकोळ जखमेतूनही तो होतो. म्हणून धनुर्वाताची लस पशुवैद्यकाकडून वेळेवर टोचून घ्यावी.

खूर रोज पाहावेत. तळव्यात अडकलेले खडे व काटे काढावेत. कोरड्या हवेत खुरांना भेगा पडतात. पाणी पिण्याच्या जागेभोवतीची जमीन थोडी ओली ठेवली, तर घोडा पाण्यास आला की खुरांना आपोआप ओलावा मिळतो. नाल मारलेला असो वा नसो, दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर तासून घ्यावेत. डांबरी व सिमेंटचे रस्ते दुपारी अतिशय तापतात. अशा रस्त्यावर घोडा तासन्तास उभा राहिल्यास खालून व वरून असा दुहेरी चटका बसतो. वरात थांबते तेव्हा घोडा सावलीत, शक्य तर मातीवर उभा करावा.

कामाची वेळ व ओझे

उन्हाळ्यात काम पहाटे सुरू करून सकाळी १० च्या आत संपवावे. उरलेले काम संध्याकाळी ५ नंतर करावे. ही केवळ सल्ल्याची गोष्ट नाही. भारवाहू व ओढकामाच्या जनावरांसंबंधी केंद्र सरकारचे १९६५ चे नियम आहेत. त्यांप्रमाणे ज्या भागात उष्णतामान ३७ अंश सेल्सिअसच्या वर जाते, तेथे दुपारी १२ ते ३ या वेळात अशा जनावरांकडून काम घेता येत नाही. दिवसात एकूण नऊ तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून अधिक काम घेण्यासही मनाई आहे. तट्टाच्या पाठीवरील ओझ्याची मर्यादा ७० किलो ठरविण्यात आली आहे. पुणे परिसरात एप्रिल-मे महिन्यांतील पुष्कळ दिवशी उष्णतामान ३७ अंशांच्या पुढे असते, म्हणून हा नियम आपल्याकडे कागदापुरता राहता कामा नये. ओझे दोन्ही बाजूंस सारखे असावे. एकीकडे धान्याचे पोते व दुसरीकडे हंडे, असे केल्यास वजन कमी असूनही पाठ लवकर दुखावते.

धोक्याची चिन्हे

प्रत्येक घोडेवाल्याने आपले जनावर निरोगी असता त्याचे आकडे पाहून ठेवावेत. विश्रांतीच्या वेळी मोठ्या घोड्याचे श्वास मिनिटाला ८ ते १६, नाडीचे ठोके २८ ते ४४ आणि शरीराचे उष्णतामान ३७.२ ते ३८.६ अंश सेल्सिअस (९९ ते १०१.५ अंश फॅरनहाइट) असते. श्वास बरगड्यांच्या मागील खळगीकडे पाहून मोजावेत. नाडी जबड्याच्या खालच्या कडेवर बोट ठेवून किंवा डाव्या कोपरामागे हात ठेवून मोजावी. उष्णतामान गुदद्वारात उष्णतामापक ठेवून घ्यावे. हे करताना घोड्याच्या बाजूस उभे राहावे, पाठीमागे उभे राहू नये.

पाणी कमी पडले आहे की काय, हे पाहण्यास दोन सोप्या कसोट्या आहेत. मानेवरील कातडी चिमटीत धरून सोडावी. ती तत्काळ सपाट झाली तर ठीक, घडी तशीच राहिली तर अंगातील पाणी कमी झाले आहे. दुसरी कसोटी हिरडीची. हिरडी बोटाने दाबून सोडली असता पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हावयास पाहिजे. हिरडी कोरडी, चिकट, गडद लाल किंवा निळसर दिसणे वाईट.

कामावरून आलेल्या घोड्याचा श्वास सावलीत १५-२० मिनिटांत खाली आला नाही, नाकपुड्या फुगलेल्या राहिल्या, चाल अडखळू लागली, खाणे-पिणे टाकले, हाकेस कान हलेनात, तर त्यास ऊन लागले असे समजावे. भर उन्हात काम करीत असूनही घाम एकाएकी थांबला व अंग तव्यासारखे तापले, तर प्रसंग प्राणावरचा आहे. शरीराचे उष्णतामान ३९.५ अंशांच्या (१०३ फॅ.) वर असेल तर काम तत्काळ थांबवून अंग गार करावे. ४१ अंशांवर (१०६ फॅ.) गेल्यास एक क्षणही दवडू नये.

ऊन लागल्यावर काय करावे?

येथे एक स्वानुभव सांगणे कर्तव्य वाटते. नोकरीच्या आरंभीच्या काळात, एप्रिलातील एका दुपारी, मी कात्रज घाटाच्या पायथ्याशी उतरलेल्या एका वाड्यावर गेलो होतो. त्यांची घोडी पहाटेपासून ओझे घेऊन चालत आली होती व मुक्कामावर पोचली तेव्हा एक वाजून गेला होता. ती मान खाली घालून उभी होती, नाकपुड्या फुगलेल्या होत्या आणि अंगावर घामाचा थेंब नव्हता. घरधनीण विहिरीच्या पाण्याने भरलेला हंडा घेऊन आली व म्हणाली, “साहेब, अंगावर ओतू का?” मी म्हटले, “थांबा मावशी. तापल्या अंगावर गार पाणी पडलं तर अंग धरेल. आधी निवू द्या तिला.” मी हे कोठेतरी ऐकले होते, कधी पडताळून पाहिले नव्हते. आम्ही सावलीत वाट पाहत बसलो. तासाभराने घोडी खाली बसली, ती उठली नाही. दिवस मावळता मावळता ती गेली. मागे दोन महिन्यांचे शिंगरू राहिले. मावशींनी मला दोष दिला नाही, परंतु तो भरलेला हंडा माझ्या डोळ्यांपुढून अद्याप हलत नाही.

पुढे पशुवैद्यकांकडून समजले की मावशींचे म्हणणेच बरोबर होते. तापलेल्या घोड्याच्या अंगावर गार पाणी ओतल्याने स्नायू धरतात, ही समजूत चुकीची ठरली आहे. उलट, जितक्या लवकर व जितके अधिक पाणी अंगावर पडेल, तितका जनावर वाचण्याचा संभव वाढतो. म्हणून पुढील क्रमाने उपाय करावेत.

पहिले, घोडा जवळच्या सावलीत, वारा असेल तेथे न्यावा व खोगीर, ओझे, तंग सर्व उतरवावे. दुसरे, विहिरीचे किंवा नळाचे मिळेल ते गार पाणी मान, छाती, पाठ, पोट व पायांच्या आतील बाजू यांवर न थांबता ओतावे. एक बादली ओतून थांबू नये. मागोमाग दुसरी, तिसरी ओतीत राहावे. ओले गोणपाट अंगावर तसेच पांघरून ठेवू नये, ते लवकर तापते व आतील उष्णता कोंडून धरते. तिसरे, तोंडासमोर पाणी धरावे व पितो तितके थोडे थोडे पिऊ द्यावे. नळकांड्याने पाणी, औषध किंवा तेल बळेच घशात ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊन जनावर दगावते. चौथे, दर पाच-दहा मिनिटांनी उष्णतामान घ्यावे व ते ३८.५ ते ३९ अंशांपर्यंत उतरल्यावर पाणी ओतणे थांबवावे. पाचवे, हे सर्व चालू असतानाच दुसऱ्या माणसाने जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे किंवा फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. डॉक्टर येईपर्यंत वाट पाहत बसू नये. बादली आधी, दूरध्वनी तिच्याबरोबर, हे सूत्र लक्षात ठेवावे.

घोडा पायाने जमीन उकरू लागला, वळून कुशीकडे पाहू लागला, लोळू लागला किंवा लीद बंद झाली, तर पोटशूळाची शंका घ्यावी. चारा काढून घ्यावा, सावलीत हळूहळू चालवावे आणि पशुवैद्यकास बोलवावे. घरगुती औषधाच्या नादात वेळ घालवू नये.

ऊन लागून बरा झालेला घोडा दुसऱ्याच दिवशी कामास जुंपू नये. पुन्हा काम केव्हा द्यावयाचे हे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरवावे. अशा जनावरास त्या ऋतूत पुन्हा ऊन लागण्याची भीती असते.

दिवसाचा क्रम

सोयीसाठी दिवसाचा क्रम येथे देत आहोत. पहाटे ५ च्या सुमारास पाणी व थोडा खुराक, खरारा, खूर पाहणे. ६ ते १० काम, वाटेत एक-दोन वेळा पाणी. १० वाजता ओझे उतरवून पाणी पाजणे, पाठ धुणे, सावलीत बांधणे. दुपारी सावली फिरली की जागा बदलणे, पाणी भरून ठेवणे, ओलविलेली कुट्टी घालणे, दमट उकाडा असल्यास अंगावर दोन-तीन बादल्या पाणी. ५ नंतर आवश्यक तेवढे काम. दिवेलागणीस खरारा व मिठासह खुराक. रात्री निजण्यापूर्वी दिवसाच्या चाऱ्याचा मोठा भाग व भरलेली बादली. रात्र गार असते, घोडा रात्रीच निवांतपणे खातो.

कार्यकर्त्यांस विनंती

गावपातळीवर काम करणाऱ्या बंधुभगिनींनी मार्च महिन्यातच आपल्या हद्दीत उतरलेल्या वाड्यांची व घोडेवाल्यांची भेट घ्यावी. हे लोक एका गावी फार दिवस राहत नाहीत, म्हणून त्यांची नोंद कोणाच्याच वहीत नसते व लसीकरणाचा दिवस त्यांस कळत नाही. मुक्कामाजवळ पाणी कोठे मिळेल, दवाखाना किती अंतरावर आहे, एवढे जरी आपण सांगितले तरी पुष्कळ काम होईल. शेतकऱ्यांनीही मेंढ्या बसविण्याचे ठरविताना वाड्याच्या घोड्यांसाठी विहिरीचे पाणी व बांधावरचे झाड मोकळे ठेवावे. ज्या मेंढ्यांचे खत आपल्या जमिनीस मिळते, त्यांचा संसार वाहणाऱ्या जनावरास सावली देणे हा त्या व्यवहाराचाच एक भाग आहे.

त्या दुपारनंतर तिसऱ्या वर्षी याच घाटाखाली आणखी एका वाड्यावरून निरोप आला. मी पोचलो तेव्हा घोडा विहिरीच्या थारोळ्यात उभा होता आणि घरातील तिघेजण पाळीपाळीने त्याच्यावर हंडे ओतीत होते. कोणी कोणास विचारीत नव्हते. मीही हंडा उचलला. पाऊण तासाने घोड्याने मान वर केली व बादलीत तोंड घातले. पाणी जवळ असणे व ते वेळेवर वापरणे, यावरच पुष्कळदा सर्व अवलंबून असते. प्रत्येक घोडेवाल्याने या उन्हाळ्यात सावलीत एक भरलेली बादली सदैव तयार ठेवावी, एवढेच शेवटी सांगणे आहे.